नेटवर्क ड्रायव्हर आणि मेमरीची हद्द

संगणकाला जोडलेले नेटवर्क कार्ड बाहेरून आलेले पॅकेट प्रोसेसरच्या हाती तुकड्यातुकड्यांनी न सोपवता परभारे मेमरीत नेऊन लिहिते आणि पाठवावयाचे पॅकेटही तसेच परभारे उचलते. डीएमए या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था आज इतकी सार्वत्रिक झाली आहे की, तिच्या पोटात असलेल्या एका जुन्या अडचणीकडे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांखेरीज कोणाचे फारसे लक्ष जात नाही. ती अडचण अशी की, मेमरीतील जागेचा पत्ता उच्चारण्यासाठी कार्डापाशी जितके बिट असतील, तितक्याच मुलखात त्याला संचार करता येतो. त्यापलीकडची मेमरी प्रोसेसरला कितीही सुगम असली, तरी कार्डाच्या लेखी ती नाहीच. चोवीस बिटांनी १६ एमबी, तीस बिटांनी १ जीबी आणि बत्तीस बिटांनी ४ जीबी गाठता येतात, हा हिशेब सोपा आहे. अवघड भाग पुढचा आहे. हद्दीबाहेरचा पत्ता दिला गेला असता कार्ड बहुधा तक्रार करीत नाही. ज्या वरच्या बिटांना त्याच्यापाशी जागा नाही ते गळून पडतात आणि उरलेल्या पत्त्यावर ते निमूटपणे लिहिते. ४ जीबीच्या वर आणखी १ एमबी अंतरावर असलेला बफर बत्तीस बिटांच्या कार्डाला दिला, तर आलेले पॅकेट खालच्या १ एमबीच्या ठिकाणी, म्हणजे दुसऱ्याच कोणाच्या मालमत्तेवर, जाऊन पडते. आणि त्या नासाडीचा बोभाटा होतो तो पुष्कळ वेळाने आणि भलत्याच ठिकाणी.

गेल्या चार दशकांत या अडचणीवर जे उपाय योजले गेले, त्यांचा आढावा घेताना एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. बिटांची संख्या किती, हा प्रश्न वरवरचा आहे. हद्द जाहीर कोणी करावयाची आणि तिची अंमलबजावणी कोणाच्या अंगावर टाकावयाची, हा खरा प्रश्न आहे. ड्रायव्हरने केवळ आपल्या उपकरणाची कैफियत द्यावी आणि उर्वरित तजवीज कर्नलने करावी, अशी वाटणी जेथे झाली तेथे उपाय टिकले; जेथे ड्रायव्हरने संपूर्ण यंत्राची मुखत्यारी आपल्याकडे घेतली, तेथे ते यंत्र बदलताच कोसळले.

नेटवर्कचे ड्रायव्हर या प्रश्नाची सर्वांत कठोर कसोटी पाहतात, यालाही कारण आहे. डिस्कवरील वाचन यंत्राच्या स्वतःच्या मागणीनुसार होते व प्रसंगी ते लांबणीवर टाकता येते; पॅकेट मात्र न बोलावता येते, म्हणून त्याच्यासाठी बफर आगाऊ मांडून ठेवावे लागतात. उलट दिशेने पाठवावयाचा मजकूर मेमरीच्या कोणत्या कोपऱ्यातून येईल याचा नेम नसतो, कारण तो कधी अनुप्रयोगाच्या मेमरीतून, तर कधी न हलवता थेट फाइलींच्या कॅशमधून येतो. शिवाय सवड जवळजवळ नसतेच. सेकंदाला १० गिगाबिट वेगाच्या इथरनेटवर सर्वांत लहान पॅकेटे सलग येऊ लागली, तर ती सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार भरतात, म्हणजे एका पॅकेटच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद येतात. एवढ्या अवकाशात पत्ता तपासणे, तो रूपांतरित करणे किंवा मजकुराची नक्कल करणे यांपैकी प्रत्येक कृत्याची किंमत मोजावी लागते.

आयसा बसचा वारसा

१९८१ साली आयबीएमने बाजारात आणलेल्या पीसीमधील ८०८८ प्रोसेसरला वीस पत्तावाहिन्या, म्हणजे १ एमबीचा आवाका होता, आणि डीएमएचे काम करणाऱ्या ८२३७ या नियंत्रकाचे पत्ते तर सोळाच बिटांचे होते. वरचे बिट एका निराळ्या पेज रजिस्टरमध्ये ठेवून काम भागवले जाई. परिणामी कोणत्याही एका हस्तांतरणाला ६४ केबीची सीमा ओलांडता येत नसे. पत्तामर्यादा म्हणजे केवळ वरची हद्द नव्हे, मधल्या सीमाही तिच्यातच येतात, हा धडा येथेच मिळाला होता, आणि पुढे तो पुन्हा गिरवावा लागला. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये ८०२८६ आला, पत्तावाहिन्या चोवीस झाल्या, आणि १६ एमबी ही ती सुप्रसिद्ध हद्द ठरली, जी पुढे आयसा या नावाने रूढ झालेल्या बसला कायमची चिकटली.

त्या काळच्या पुष्कळ नेटवर्क कार्डांनी हा प्रश्न टाळण्याचाच मार्ग पत्करला. एनई-२००० या अतिशय प्रसार पावलेल्या कार्डावर स्वतःची १६ केबी मेमरी असे आणि प्रोसेसरने पोर्टमधून त्यातला मजकूर स्वहस्ते काढून घ्यावा, अशी रीत होती. थ्रीकॉमच्या ३सी५०९ कार्डातही प्रोसेसरच रांगेतून शब्द उचलीत असे. कार्ड यंत्राच्या मेमरीला स्पर्शच करीत नसल्यामुळे हद्दीचा वादही उद्भवत नसे, पण त्याचा मोबदला प्रोसेसरच्या वेळाने चुकवावा लागे. याच्या उलट एएमडीची लान्स ही चिप बसचा ताबा घेऊन परभारे मेमरीत लिहिणारी होती, आणि तिचा पत्ता चोवीस बिटांचा होता. डोनाल्ड बेकर यांनी लिनक्ससाठी लिहिलेल्या तिच्या ड्रायव्हरात या प्रश्नाचे पहिले स्वच्छ उत्तर पाहावयास मिळते: पॅकेटचा कोणताही भाग १६ एमबीच्या वर असेल, तर खालच्या मेमरीत आधीच राखून ठेवलेल्या बफरात त्याची नक्कल करावयाची आणि तो पत्ता कार्डाला द्यावयाचा. खोल बंदरातून आलेले मोठे गलबत उथळ खाडीत शिरू शकत नाही म्हणून त्यातला माल मचव्यात उतरवून धक्क्याला लावावा, तसाच हा प्रकार होय. याला बाउन्स बफर म्हणतात. उपाय बिनचूक होता, परंतु तो त्या एका ड्रायव्हराच्या आत बंदिस्त होता, आणि १६ एमबी हा आकडाही तेथेच कोरलेला होता.

चार जीबीचा उंबरठा

१९९२ साली इंटेलने पुढे आणलेल्या पीसीआय बसने बत्तीस बिटांचा पत्ता सरसकट दिला, तेव्हा साधारण यंत्रांतील मेमरी काही एमबींपुरतीच असल्यामुळे प्रश्न कायमचा निकालात निघाला, असे वाटणे स्वाभाविक होते. त्याच बसच्या नियमांत पत्ता दोन हप्त्यांत उच्चारून चौसष्ट बिटांपर्यंत जाण्याची मुभाही ठेवलेली होती; पण मुभा असणे आणि ती सर्वांना वापरता येणे यांत मोठी तफावत होती. कित्येक कार्डे तो दुहेरी पत्ता उच्चारीत नसत आणि कित्येक मदरबोर्डांवरील पूल तो नीट पोचवीत नसत. व्हीआयए कंपनीचा पूल आढळल्यास दुहेरी पत्ता बंद करण्याची तरतूद लिनक्सला करावी लागली, आणि रिअलटेकच्या गिगाबिट कार्डांच्या ड्रायव्हरात तो दीर्घकाळ वापरणाऱ्याने मुद्दाम मागितल्याखेरीज चालूच केला जात नसे.

इकडे १९९५ च्या पेंटियम प्रोने प्रोसेसरचा भौतिक पत्ता छत्तीस बिटांवर, म्हणजे ६४ जीबीवर नेला, आणि हद्दीचा प्रश्न दुहेरी झाला. बत्तीस बिटांच्या लिनक्स कर्नलच्या स्वतःच्या कायम नकाशात सुमारे ८९६ एमबीच मेमरी बसे. त्यावरच्या मेमरीला हायमेम म्हणत. म्हणजे कर्नलला सहज न दिसणारी मेमरी एक आणि कार्डाला न पोचणारी मेमरी दुसरी, अशा दोन निरनिराळ्या हद्दी झाल्या, आणि त्या जुळत नसल्यामुळे घोटाळ्याला पुष्कळ वाव मिळाला. लिनक्सच्या नेटवर्क विभागाने यावर एक समंजस तोड काढली: हायमेममधील पाने आपल्या कार्डाला चालतात, अशी ग्वाही ड्रायव्हरने एका ध्वजाने द्यावी, ती नसेल, तर पाठवावयाचे पॅकेट ड्रायव्हरच्या हाती येण्यापूर्वीच वरच्या थराने ते खालच्या मेमरीत उतरवून द्यावे. मायक्रोसॉफ्टने मात्र निराळा मार्ग स्वीकारला. विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून सर्वसाधारण वापराच्या बत्तीस-बिटी विंडोजमध्ये ४ जीबीच्या वरची भौतिक मेमरी वापरातच आणली जात नसे, आणि त्याचे उघड सांगितलेले कारण हेच होते की, पत्त्याचे वरचे बिट गाळून टाकणारे ड्रायव्हर बाजारात मोकाट होते. काही थोड्यांच्या बेजबाबदारपणाचा दंड सर्व यंत्रांकडून वसूल केला गेला, असेच याचे वर्णन करावे लागेल.

करारनाम्याची घडण

या अनुभवातून जी गोष्ट निष्पन्न झाली, ती माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत मोलाची आहे, आणि ती हार्डवेअर नसून एक करारनामा आहे. नेटबीएसडी ही प्रणाली परस्परांपासून अत्यंत भिन्न अशा अनेक यंत्रांवर चालत असल्यामुळे तिच्या कर्त्यांना हा प्रश्न इतरांपेक्षा आधी आणि तीव्रतेने भेडसावला. जेसन थॉर्प यांनी १९९८ साली युसनिक्सच्या परिषदेत मांडलेल्या निबंधात त्यांनी घडवलेल्या यंत्रनिरपेक्ष डीएमए-चौकटीचे विवरण आहे. फ्रीबीएसडीने त्याच कल्पनेला एका टिपणाचे स्वरूप दिले, ज्यात ड्रायव्हर पोचण्याची कमाल हद्द, न ओलांडावयाची सीमा, पत्ता कोणत्या संख्येच्या पटीत असावा ती अट, तुकड्यांची कमाल संख्या व प्रत्येक तुकड्याचे कमाल आकारमान अशा सर्व बाबी नोंदवतो, आणि मग ती यादी पुरी करण्याची जबाबदारी प्रणालीवर येते. लिनक्समध्ये हीच वाटणी २.४ च्या सुमारास रूढ झाली. ड्रायव्हरने आपल्या उपकरणाचा मास्क, म्हणजे त्याला उच्चारता येणाऱ्या पत्त्यांची हद्द, जाहीर करावा; प्रत्येक बफर कार्डाच्या स्वाधीन करण्यापूर्वी तो नकाशात चढवून घ्यावा आणि मिळालेला पत्ताच कार्डाला द्यावा, मग तो भौतिक पत्त्याशी जुळो वा न जुळो; काम संपताच नकाशा उतरवावा.

या करारात दोन प्रकारच्या मेमरीचा भेद केलेला आहे, तो नेटवर्क कार्डाच्या बाबतीत विशेष अर्थपूर्ण ठरतो. बफरांचे पत्ते नोंदवणाऱ्या डिस्क्रिप्टरांची जी वर्तुळाकार रांग कार्ड आणि प्रोसेसर दोघेही अखंड वाचतात, तिच्यासाठी दीर्घकाळ टिकणारी सुसंगत मेमरी लागते. पॅकेटांच्या बफरांसाठी मात्र क्षणिक नकाशा पुरतो. दोहोंच्या हद्दी निराळ्या असू शकतात, म्हणून मास्कही दोन जाहीर करावे लागतात, आणि पहिला जाहीर करून दुसरा विसरणे हा ड्रायव्हरांतील एक चिरपरिचित दोष राहिला आहे. त्याहूनही घातक दोष म्हणजे नकाशा चढवणे फसू शकते, याची दखलच न घेणे: बाउन्स बफर संपलेले असतील, तर परत मिळते ती नकाराची खूण, आणि ती खूण पत्ता समजून कार्डाला देणारा ड्रायव्हर करार पाळल्याचा नुसता देखावा करतो. अशा उल्लंघनांची रुजवात घेणारी तपासणी लिनक्समध्ये २.६.३० पासून उपलब्ध आहे. ज्याला आपला ड्रायव्हर प्रामाणिक आहे असे वाटते, त्याने ती एकदा चालू करून पाहणे इष्ट होय.

पूर्ततेचे तीन मार्ग

जाहीर केलेली हद्द पाळण्याचे कर्नलपाशी मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला, मेमरीची विभागणी करून कार्डापुरती मेमरी आधीच राखून ठेवणे. लिनक्समध्ये १६ एमबीचा विभाग फार पूर्वीपासून होता. चौसष्ट-बिटी यंत्रांचा प्रसार झाल्यावर ४ जीबीखालचा निराळा विभाग २.६.१५ या आवृत्तीत आला. विभागांचा दोष असा की, ते ठराविक आकड्यांवरच बांधलेले असतात. ब्रॉडकॉमच्या ४४०० या मालिकेतील कार्डांचा पत्ता तीस बिटांचा, म्हणजे १ जीबीचा आहे, आणि पीसीवर १ जीबीचा विभागच नाही. म्हणून बी-४४ या ड्रायव्हराला बफर हद्दीबाहेर पडताच थेट १६ एमबीच्या इवल्याशा विभागातून जागा मागावी लागे. १ जीबी पोचत असूनही त्याच्या चौसष्टाव्या हिश्श्यावर गुजराण करण्याची ही वेळ कार्डाच्या दुबळेपणाइतकीच विभागांच्या ठोकळेबाजपणामुळेही आली होती.

दुसरा मार्ग बाउन्स बफरांचा, पण आता ड्रायव्हराच्या बाहेर, कर्नलच्या सामाईक ताब्यात. ही सोय, जिला एसडब्ल्यूआयओटीएलबी म्हणतात, इटेनियम यंत्रांसाठी तयार झाली आणि २००४ मध्ये इंटेलचे चौसष्ट-बिटी झिऑन प्रोसेसर पत्त्याचे रूपांतर करणाऱ्या एककाविना आले, तेव्हा ती त्यांच्याही कामी आली. सुरुवातीलाच खालच्या मेमरीत सामान्यतः ६४ एमबी राखले जातात, त्यांचे २ केबीचे कप्पे केले जातात, आणि एका हस्तांतरणाला सलग २५६ केबीहून अधिक मिळत नाही. ड्रायव्हराला यातले काहीच कळत नाही, हीच या योजनेची थोरवी. आणि नक्कल करण्याचा वेळ व कप्प्यांची टंचाई ही तिची किंमत.

तिसरा मार्ग हार्डवेअरचा. आयओएमएमयू हे एकक उपकरण आणि मेमरी यांच्यामध्ये बसून उपकरणाने उच्चारलेला पत्ता दुसऱ्याच भौतिक पत्त्यात फिरवते. बत्तीस बिटांच्या कार्डाला खालचा पत्ता दाखवून प्रत्यक्षात १०० जीबीवरचे पान त्याच्या हाती देता येते, नक्कल न करता. सनच्या स्पार्क यंत्रांत व डीईसीच्या अल्फामध्ये अशी सोय पूर्वीच होती. पीसीच्या दुनियेत २००३ च्या ऑप्टेरॉनने ग्राफिक्स कार्डासाठी असलेल्या गार्ट या सारणीचा या कामी उपयोग करून घेतला, आणि पुढे इंटेलची व्हीटी-डी व एएमडीची तत्सम यंत्रणा यांनी ते रीतसर प्रस्थापित केले. मात्र प्रत्येक पॅकेटसाठी सारणीत नोंद चढवणे, उतरवणे आणि जुन्या रूपांतरांचा कॅश रद्द करणे हे वर सांगितलेल्या ६७ नॅनोसेकंदांत बसत नाही. म्हणून नेटवर्कच्या लोकांनी पाने एकदा नकाशात चढवून तीच पुन्हापुन्हा वापरण्याची रीत स्वीकारली. लिनक्समधील पेज पूल ही व्यवस्था याच विचारातून आली आहे.

कार्डांच्या लहरी

मास्क हा एकच आकडा सर्व मर्यादा व्यक्त करतो, ही समजूत खऱ्या चिपांनी अनेकदा खोटी पाडली आहे. एनव्हिडियाच्या इथरनेट चिपांना एकोणचाळीस बिट, म्हणजे ५१२ जीबी पोचतात. ब्रॉडकॉमच्या टीजी-३ कुटुंबातील काही चिपा चाळीस बिटांच्या, म्हणजे १ टीबीच्या पुढे चुकतात. त्याच कुटुंबातील काहींचा दोष आणखी चमत्कारिक आहे: पत्ता कितीही वर असला तरी चालतो, पण एकच बफर ४ जीबीच्या कोणत्याही पटीची रेषा ओलांडू लागला की चिप अडखळते. म्हणून तिचा ड्रायव्हर प्रत्येक तुकडा त्या रेषेवर पडतो की काय ते तपासतो आणि पडत असल्यास पॅकेटची नवी नक्कल करतो. १९८१ च्या ६४ केबीच्या सीमेचाच हा वंशज म्हणावयास हरकत नाही. फक्त आकडा पासष्ट हजार पटींनी वाढला.

कधी कधी हद्द कार्डाची नसून मधल्या वाटेची असते. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ मधील चिपवरची बरीचशी उपकरणे पहिल्या १ जीबीपर्यंतच पोचतात आणि तिच्या सुरुवातीच्या आवृत्तीतील पीसीआय एक्सप्रेसची वाट ३ जीबीपर्यंतच जाते, तर बोर्डावर मेमरी ४ जीबी आणि पुढे ८ जीबी. या बोर्डासाठी लिनक्सच्या ५.५ आवृत्तीत चौसष्ट-बिटी आर्मवर १ जीबीचा विभाग निर्माण करावा लागला. चौसष्ट बिटांच्या युगात तीस बिटांची हद्द परत आली, यात आश्चर्य काही नाही: पत्त्याची प्रत्येक वाहिनी सिलिकॉनवर जागा घेते, आणि स्वस्त चिप बनवणारा न लागणाऱ्या वाहिन्यांवर खर्च करीत नाही. अशा वाटेची मर्यादा ड्रायव्हरला ठाऊक असण्याचे कारणच नाही. ती यंत्राच्या वर्णनातून कर्नलने वाचावी आणि उपकरणाच्या मास्कशी जोडून दोहोंपैकी लहान हद्द अंमलात आणावी, हीच योग्य वाटणी होय. आभासी यंत्रेही याला अपवाद नाहीत: जुन्या व्हर्टिओ उपकरणात रांगेचा पत्ता ४ केबीच्या पानांच्या क्रमांकाने, बत्तीस बिटांत सांगावा लागे, म्हणून रांग चव्वेचाळीस बिटांच्या, म्हणजे १६ टीबीच्या आतच ठेवणे भाग होते.

हद्दीचा नवा उपयोग

गेल्या दशकात या प्रश्नाला एक अनपेक्षित वळण लागले आहे. कार्ड कोठपर्यंत पोचू शकते याइतकेच, त्याला कोठपर्यंत पोचू द्यावे, हेही आता विचारले जाते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या थंडरक्लॅप या संशोधनात नेटवर्क कार्डाचे सोंग घेतलेल्या उपकरणाने आयओएमएमयू चालू असतानाही यंत्रात शिरकाव करून दाखवला. कारण नकाशा पानांच्या मापाने चढतो आणि पॅकेटच्या शेजारी त्याच पानावर कर्नलचा नाजूक मजकूर वसलेला असू शकतो. अविश्वसनीय उपकरणांसाठी अशा अर्धवट पानांची नक्कल वेगळ्या बफरात करावी, हा उपाय लिनक्सने स्वीकारला, म्हणजे पत्त्याच्या टंचाईसाठी जन्मलेला बाउन्स बफर संरक्षणाच्या कामी रुजू झाला. एएमडीच्या एसईव्ही आणि इंटेलच्या टीडीएक्स यंत्रणांत तर आभासी यंत्राची मेमरीच कूटबद्ध असते, आणि उपकरणाशी देवाणघेवाण करावयाची ती कूटबद्ध नसलेल्या सामाईक तुकड्यातूनच. एसईव्हीच्या यंत्रात लिनक्स या कामासाठी मेमरीच्या सुमारे सहा टक्के, कमाल १ जीबीपर्यंत, राखून ठेवते. येथेही पत्तामर्यादा पाठ सोडीत नाही: एएमडीच्या यजमान यंत्रावर मेमरी कूटबद्ध असल्याची खूण पत्त्याच्याच एका वरच्या बिटात असते, आणि तो बिट उच्चारता न येणाऱ्या बत्तीस बिटांच्या उपकरणाला पुन्हा बाउन्स बफराचाच आश्रय घ्यावा लागतो.

या ताज्या स्थित्यंतरात ज्या ड्रायव्हरांनी करार पाळला होता, त्यांना बहुतांशी काहीच बदलावे लागले नाही, आणि ज्यांनी भौतिक पत्ता परस्पर काढून कार्डाला दिला होता, ते निकामी ठरले. लान्सच्या ड्रायव्हरात कोरलेले १६ एमबी, विंडोजने सर्वांवर लादलेले ४ जीबी आणि बी-४४ ला सोसावा लागलेला विभागांचा ठोकळेबाजपणा या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसल्या, तरी त्यांचे मूळ एकच: एका क्षणीची यंत्रस्थिती कायमची मानून तिच्यावर बांधकाम करणे. म्हणून नव्या ड्रायव्हराकडून अपेक्षा फार मोठी नाही. त्याने उपकरणाची हद्द त्या उपकरणाच्या दस्तऐवजावरून सांगावी, यंत्राविषयी अंदाज बांधू नये. नकार आल्यास तो नकार म्हणून स्वीकारावा. आणि जाहीर केलेल्या हद्दीहून अधिक मेमरी असलेल्या यंत्रावर त्याची परीक्षा व्हावी, कारण ४ जीबीच्या आत सुरक्षित भासणारा दोष अधिक मेमरीच्या सर्व्हरवरच डोके वर काढतो. चौसष्ट बिट आता पुरेसे आहेत, हा दावा अंकगणिताने खरा आहे. परंतु कार्डे, पूल, स्वस्त चिपा आणि कूटबद्धतेच्या खुणा मिळून त्यातले किती बिट खरोखर हाती उरतात हे यंत्रागणिक बदलत राहणार, तोवर हा करारनामा रद्द करण्याची वेळ आलेली नाही.